रात्रीची खा-खा दुपारी सुरू होते

बेळगावच्या अनगोळ भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. वय ३९. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, शिफ्टची नोकरी. घरात सासूबाई आणि ११ वर्षांची मुलगी. दिवसभर त्या जवळजवळ काही खात नाहीत. सकाळी चहा, दुपारी अर्धी भाकरी, कधी तीही नाही, शिवाय सोमवार आणि गुरुवार कडक उपवास. रात्री साडेदहाला सासूबाईंच्या खोलीतला दिवा मालवला की स्वयंपाकघरात अंधारातच खव्याच्या कुंद्याचा डबा, फरसाण, बिस्किटांचे पुडे, हाताला लागेल ते संपेपर्यंत खातात. चार-पाच घासांनंतर चवही लागत नाही, पोट दुखायला लागतं, तरी हात थांबत नाही. पुड्यांचे कागद पिठाच्या डब्यामागं लपवतात. सौंदत्तीच्या यल्लम्माची शपथ तीनदा घेतली, तीनदा मोडली. सासूबाई म्हणतात, "हिच्या तोंडाला आवर नाही." परवा मुलीच्या दप्तरात चॉकलेटचे चुरगळलेले कागद सापडले आणि त्याच रात्री त्यांनी हे पत्र लिहिलं. विचारलं आहे तीन गोष्टींबद्दल: हे व्यसन आहे का, गोड कायमचं सोडावं का, आणि मुलीला हे माझ्यामुळं लागलं का.

ताई, तुमच्या पत्रात दिवसाचं वर्णन दोन ओळींत आहे आणि रात्रीचं दीड पान. तुमच्या दृष्टीनं सगळा दोष त्या दीड पानात आहे. पंचवीस वर्षं समुपदेशनाचं काम करताना मी अशी पत्रं उलट्या बाजूनं वाचायला शिकले. रात्री साडेदहाला जे घडतं त्याची तयारी दुपारी एक वाजता, सगळ्यांना वाढून तुम्ही स्वतः ताटावर बसत नाही, तेव्हाच सुरू झालेली असते. ते कसं, हे सांगायचं तर मेंदूपर्यंत जावं लागेल, म्हणून उत्तर लांबणार आहे. चहाबरोबर काहीतरी खाऊन मग वाचायला घ्या.

आधी शब्दांचं बघू. मराठीत आपण 'चटक लागली' म्हणतो. शेजारची कन्नड बाई 'चट' म्हणते, आणि तिच्या भाषेत तोच शब्द दारू-तंबाखूच्या व्यसनालाही चालतो. निपाणीकडं 'तलफ' म्हणतात. 'भूक' हा शब्द मात्र या सगळ्यांपासून लांब ठेवलेला असतो. माझ्याकडं येणाऱ्या बायका सांगतात, "भूक नव्हती हो, तरी खाल्लं." मी विचारते, दुपारी काय जेवला होतात? मग थोडा वेळ कुणी बोलत नाही. भूक जाणवत नसणं आणि शरीर उपाशी असणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. वर्षानुवर्षं दुपार टाळणाऱ्या बाईला दुपारची भूक ऐकू येईनाशी होते. शरीर ती विसरत नाही.

माझ्या कामाची सुरुवात निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू सोडवण्याच्या शिबिरांतून झाली. शेतात तंबाखू, वखारीत तंबाखू, घराघरांत विड्या वळणाऱ्या बायका. तलफ म्हणजे काय हे मी पुस्तकात वाचण्याआधी तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकलं. तंबाखूच्या बाबतीत रेषा स्पष्ट असते. आजपासून नाही म्हणजे नाही, कारण शरीराला तंबाखूची गरज कधीच नव्हती. पुढं खाण्याच्या तक्रारी घेऊन बायका यायला लागल्या तेव्हा मी तोच नियम त्यांना लावला. खानापूरच्या बाजूची एक शिक्षिका होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). तिला मी साखर, मैदा, तळलेलं, सगळं एकदम बंद करायला सांगितलं. अठरा दिवस तिनं पाळलं. एकोणिसाव्या दिवशी भाचीच्या बारशात एक पेढा खाल्ला आणि त्या रात्रीपासून आधीच्या दुप्पट खाणं सुरू झालं. पाच आठवड्यांनी ती परत आली ती माझी माफी मागायला. चूक माझ्या सल्ल्यात होती आणि माफी ती मागत होती. आज तुम्हाला जे सांगते आहे ते त्या दिवसानंतर शिकलेलं आहे.

आता मेंदू. १९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. उंदरानं दांडी दाबली की त्या जागी विजेचा हलका प्रवाह जायचा. उंदीर दांडी दाबतच राहिले, पुढच्या प्रयोगांत तर तासाला हजारो वेळा. त्या जागेला 'आनंदकेंद्र' म्हणायची पद्धत पडली आणि हळूहळू डोपामीन म्हणजे आनंदाचं रसायन असं समीकरण रूढ झालं. आजही मोबाइलवर रोज तेच फिरत असतं. हे समीकरण चुकीचं आहे, आणि तुमच्या बाबतीत ही चूक फार महत्त्वाची आहे.

मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी १९८९ च्या सुमारास वेगळ्या बाजूनं तपासलं. उंदरांच्या मेंदूतलं डोपामीन जवळजवळ संपवून टाकलं. ते उंदीर समोर अन्न असूनही खायला हलेनात. पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच जीभ काढून ओठ चाटायचे. गोडी कळत होती, ओढ गेली होती. म्हणजे एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीहवीशी होणं ही मेंदूतली दोन वेगळी खाती आहेत, आणि डोपामीनचा संबंध मुख्यतः दुसऱ्याशी आहे. तुम्ही लिहिलंय की चार-पाच घासांनंतर चव लागत नाही, तरी हात थांबत नाही. आवडण्याचं खातं तेव्हा बंद झालेलं असतं, ओढीचं चालूच असतं. "चव लागत नाही तरी खाते म्हणजे मी किती हावरट" असा अर्थ तुम्ही काढलात. मी त्याला या त्रासाचं सगळ्यात नेमकं लक्षण म्हणेन.

ही ओढ शिकलेली असते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांचं माकडांवरचं काम याबाबतीत सगळ्यांना मार्गदर्शक ठरलं; १९९७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ लावून दाखवला. माकडाला फळाच्या रसाचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामीनच्या पेशी उसळायच्या. मग रसाआधी दरवेळी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांत पेशी दिव्यालाच उसळायला लागल्या, रस आल्यावर काहीच नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरलेल्या क्षणी त्या पेशी नेहमीपेक्षाही शांत व्हायच्या, जणू काहीतरी हिरावून घेतलं. तुमच्या घरात उलटं आहे, तिथं दिवा मालवतो. पण काम तेच होतं. साडेदहाला सासूबाईंच्या खोलीत अंधार झाला की डबा उघडायच्या आधीच, तुम्ही पलंगावर असतानाच, ओढ सुरू होते. त्या वेळी मन घट्ट करून पडून राहिलात तर जी तगमग होते ती नैतिक परीक्षा नसते. शिकलेली अपेक्षा पूर्ण झाली नाही की मेंदूत काय होतं ते माकडांनी दाखवलंच आहे.

यात शरीरही हातभार लावतं. जठरातून घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक येतं, आणि ते आपल्या रोजच्या खाण्याच्या वेळेआधी वाढतं. रोज रात्री साडेदहाला खाल्लं तर शरीर साडेदहाची तयारी करून ठेवतं. त्यात झोप कमी असेल तर आणखी वाढ. शिकागो विद्यापीठातला २००४ सालचा एक अभ्यास आहे, बारा तरुणांवरचा. दोन रात्री चारच तास झोपू दिलं तेव्हा घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, आणि इच्छा झाली ती गोड, खारट आणि पिठाच्या पदार्थांची. नवऱ्याची पहिली शिफ्ट असेल तर तुम्ही पहाटे चारला उठून डबा करता आणि रात्री बाराला झोपता. ही तीच परिस्थिती आहे.

कुंद्याचं काय? आपल्या बेळगावचा कुंदा म्हणजे दूध आटवून, साखर घालून, तांबूस दाणेदार होईपर्यंत हलवत राहिलेला खवा. त्यात स्निग्धांश आणि साखर एकत्र येतात. निसर्गात, दूध सोडलं तर, या दोन गोष्टी भरपूर प्रमाणात एकत्र क्वचितच सापडतात. २०१८ साली एक अभ्यास झाला. लोकांना सारख्याच उष्मांकाचे आणि सारखेच आवडणारे खाऊ दाखवले, काही नुसत्या स्निग्धाचे, काही नुसत्या पिष्ट-साखरेचे, काही दोन्हींचे. दोन्ही एकत्र असलेल्या खाऊसाठी लोक जास्त पैसे मोजायला तयार झाले आणि मेंदूतल्या ओढीच्या भागातही जास्त हालचाल दिसली. गोकाकच्या करदंट या मिठाईचं आणि आपल्या पुरणपोळीवरच्या तुपाचंही गणित थोडंफार असंच आहे.

तरी मी कुंद्याला आरोपी करणार नाही. कुंदा महाग असतो, पाहुण्यासाठी आणलेला असतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक तो वाटीतून खात आले. माझी जास्त काळजी आहे ती किराणा दुकानाच्या दारात माळेसारख्या लोंबणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या पुड्यांची. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे संस्थेतच ठेवून घेतलं, दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं, दोन आठवडे साधं. समोर ठेवलेल्या अन्नात साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू सारखेच ठेवले होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्याच्या खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती, भरभर खात होती, आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वाढली. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ती माणसं कमकुवत मनाची नव्हती. मऊ, चावावं न लागणारं, पटकन गिळलं जाणारं अन्न पोट भरल्याचा निरोप पोहोचण्याआधीच आत जातं.

मग सगळ्यांनाच असं का होत नाही? तुमच्याच घरात तोच डबा आहे, सासूबाई एक चमचा खातात आणि झाकण लावतात. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते प्रिन्स्टन विद्यापीठातल्या बार्ट होबेल आणि निकोल अव्हेना यांच्या उंदरांनी. त्यांनी उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवलं आणि उरलेले बारा तास साखरेचं पाणी आणि नेहमीचं खाणं दिलं. काही आठवड्यांत हे उंदीर पाणी मिळाल्याबरोबर पहिल्या तासात अधाशासारखे प्यायला लागले. मेंदूतल्या अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर त्यांचे दात वाजायला लागले, पंजे थरथरायला लागले, अफू तुटल्यावर होतं तसं. ही बातमी जगभर 'साखर म्हणजे अफू' अशी पसरली. पण त्याच प्रयोगात दुसरे उंदीर होते, ज्यांच्यासमोर साखरेचं पाणी चोवीस तास होतं आणि ज्यांना कधी उपाशी ठेवलं नव्हतं. त्यांच्यात हा अधाशीपणा आला नाही. साखर दोघांकडं होती. फरक होता रोजच्या उपासमारीचा.

ताई, तुमचा दिवस आणि तुमची रात्र त्या पहिल्या उंदरांसारखी मांडलेली आहे. हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. मांडणी बदलता येते, म्हणूनच सांगते.

माणसांचा पुरावाही आहे. १९४४ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेली, स्वतःहून पुढं आलेली ही मुलं होती. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे चौथ्या हिश्शानं घटलं, ते ठरलेलंच होतं. पण त्यांचं वागणंही बदललं. कधी स्वयंपाकघरात पाऊल न ठेवलेली मुलं पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, ताटल्या चाटायला लागली, दिवसभर खाण्याबद्दलच बोलायला लागली. पुन्हा पोटभर अन्न मिळायला लागल्यावर त्यांच्यातले कित्येक जण पोट दुखेपर्यंत खायचे आणि तरी समाधान व्हायचं नाही. प्रयोगाआधी त्यांना खाण्याचा कसलाही त्रास नव्हता. अर्धपोटीपणानं तो आणला.

आता शपथ. श्रद्धेबद्दल मला मनापासून आदर आहे, माझ्या आईनंही यल्लम्माच्या डोंगरावर नवस फेडले. पण खाण्याच्या शपथेचा मानसशास्त्रीय परिणाम काय होतो ते बघा. १९७५ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात काही मुलींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग आईस्क्रीम हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. साधारण मुलींनी मिल्कशेकनंतर कमी आईस्क्रीम खाल्लं. ज्या मुली एरवी खाण्यावर कडक बंधन घालून घ्यायच्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. मोडलंच ना, मग आता काय राहिलं, हा विचार. पेढा खाल्ल्यानंतर माझ्या त्या शिक्षिकेचं हेच झालं. पहिल्या घासाला शपथ मोडते, आणि पुढचे पन्नास घास तुटलेल्या शपथेचे असतात. त्यात देवीची शपथ असेल तर अपराधाचं ओझं आणखी जड होतं, आणि ते ओझं उतरवायला तुमच्याकडं रात्री साडेदहाला एकच साधन असतं, तो डबा. म्हणून चौथी शपथ घेऊ नका. यल्लम्मापुढं हात जोडायला जा, पण मागणं दुसरं मागा.

तर हे व्यसन आहे का? अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या आजारयादीत 'अन्नाचं व्यसन' असा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही नाही. येल विद्यापीठात अॅशली गिअरहार्ट यांनी २००९ साली त्यासाठी प्रश्नावली तयार केली, आणि त्यावर बरीच माणसं व्यसनासारखी लक्षणं दाखवतात, हेही खरं. शास्त्रज्ञांत वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंना चांगली माणसं आहेत. पण त्या दोन्ही याद्यांत 'अतिभक्षण विकार' आहे, आणि तुमचं वर्णन त्याच्याशी बरंचसं जुळतं: थोड्या वेळात खूप जास्त खाणं, खाताना ताबा सुटल्याची जाणीव, भरभर, भूक नसताना, पोट दुखेपर्यंत, लाजेपोटी एकट्यानं, नंतर स्वतःची किळस, आणि हे आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने. निदान प्रत्यक्ष भेटीत व्हायला हवं, पत्रावरून मी ते करणार नाही. पण नाव काहीही दिलं तरी ताबा सुटणं खरं आहे, आणि त्यावर उपचार आहे.

'व्यसनी' हा शब्द मी स्वतः आता वापरत नाही. त्या शब्दानंतर बाईचं पहिलं पाऊल ठरलेलं असतं: सगळं बंद. आणि बंद केल्यानं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

काही गोष्टी मात्र आधी तपासून घ्या, त्या पत्रात नव्हत्या. मधुमेहाची गोळी चालू आहे का? ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी किंवा इन्सुलिननं, जेवण टाळलं असताना, रक्तातली साखर खाली जाते. मग घाम, थरथर आणि अनावर भूक येते. ती तलफ नसते, धोक्याची खूण असते, आणि तेव्हा लगेच साखर खायलाच हवी. औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करूच नका. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी स्टिरॉइड, झोपेसाठी किंवा मनाच्या आजारासाठी काही औषधं, यांनीही भूक वाढते. ती स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्याला सांगा. खाल्ल्यानंतर बोटं घालून उलटी करणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं होत असेल तर ते कितीही लाजिरवाणं वाटलं तरी डॉक्टरांना सांगाच. त्यानं रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाला धोका होतो. आणि जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर भेटीची वाट बघू नका, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर आत्ता फोन करा. तिथं भाषा निवडता येते, मराठीही आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून, गोड कायमचं सोडू नका. सुरुवात गोडापासून करायचीच नाही. सुरुवात दुपारच्या जेवणापासून.

पहिले दोन आठवडे एकच काम. सकाळी उठल्यावर तासाभरात नाश्ता, एकच्या आत जेवण, साडेचारला काहीतरी, आठला सगळ्यांबरोबर जेवण. दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. भूक असो वा नसो, घड्याळानं. जेवणात एक तरी वस्तू पोट धरून ठेवणारी: मटकीची उसळ, झुणका, अंडं, शेंगदाण्याची चटणी आणि दही. भाकरी दीड किंवा दोन, अर्धी नाही. साडेचारला चिरमुऱ्यात मूठभर शेंगदाणे आणि फुटाणे. बायका मला सांगतात, "एवढं खाल्लं तर वजन वाढेल." रात्रीचं खाणं आजही तुमच्या पोटात जातंच आहे, ते त्या हिशेबात कुणी धरत नाही. काही जणींचं पहिल्या आठवड्यात वजन जरा हलतं, म्हणून वजनकाटा त्या काळात कपाटात ठेवा. उपचारांच्या अभ्यासांत सगळ्यात आधी रात्रीचे झटके कमी होतात ते या नियमित खाण्यानंच, आणि माझ्या समुपदेशनाच्या खोलीतही मी तेच बघत आले आहे.

उपवासाचं अवघड आहे, मला कळतं. सोमवार-गुरुवारचा उपवास दोन्ही दिवस सोडा असं मी म्हणणार नाही. पण त्रास आटोक्यात येईपर्यंत तो निराहार नको. आपल्याकडं आजारी माणसाला, लेकुरवाळीला उपवासातून सूट आहेच. फलाहाराचा उपवास करा आणि फलाहार चार वेळा घ्या. आपल्या बेळगावच्या लाल मातीतली रताळी उपवासाला चालतात, दुधाबरोबर उकडलेलं रताळं पोटाला चांगला आधार देतं. बटाट्याचे वेफर आणि तळलेला साबुदाणा नको.

मग तो साडेदहाचा दिवा. रात्री खायचं झालंच तर खा, पण दिवा लावून, ताटलीत घेऊन, खाली बसून. उभ्यानं, अंधारात, डब्यातून नाही. या अटीत बंदी कुठंच नाही, म्हणून ती मोडल्याचा प्रश्न येत नाही, आणि सवयीची साखळी मात्र तुटते. मेंदूनं अंधार आणि डबा यांची गाठ घातली आहे, ती आपण सैल करतो. त्याआधी जमेल तेवढं थांबून बघा. तलफ ही लाटेसारखी असते, चढते, माथ्यावर येते, उतरते, बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत. बहुतेक लोक माथ्यावरच शरण जातात, कारण ती अशीच चढत जाणार असं वाटतं. घड्याळ समोर ठेवून एकदा तरी उतरताना बघा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं थांबलात आणि मग खाल्लंत, तरी ती पाच मिनिटं वहीत लिहा. वहीत एवढंच: किती वाजता, काय, शेवटचं जेवण कधी झालं होतं, आणि त्याआधी घरात काय झालं.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे. तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय: "तेवढाच वेळ कुणी हाक मारत नाही." पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत तुम्ही दुसऱ्यांसाठी असता. दिवसातला तो एकच अर्धा तास तुमचा आहे आणि त्यात तुमच्यासाठी असलेली एकच गोष्ट म्हणजे खाणं. ते काढून घेतलं आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही तर ते परत येणार. म्हणून संध्याकाळी उजेड असताना अर्धा तास घराबाहेर पडायचं ठरवा. देवळापर्यंत, मैत्रिणीकडं, भजनाला, कुठंही. फक्त कुणाच्या कामासाठी नको.

परत घसराल. गणपतीत, लग्नसराईत, कुणी मांडे घेऊन आलं की, कुणी गेलं की. पाव्हलॉव्हनं कुत्र्यांवर प्रयोग करतानाच बघितलं होतं की विझलेली सवय काही काळानं आपोआप डोकं वर काढते. पुसली जात नाही, तिच्यावर नवी सवय बसते. त्या रात्रीनंतर फक्त एक पाळा: दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता चुकवू नका. भरपाई म्हणून उपाशी राहिलात की चक्र पुन्हा सुरू.

बेळगावात जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. या विकारावर वागणूक-विचार उपचारपद्धती सगळ्यात जास्त पारखलेली आहे, आणि गरज पडली तर औषधंही आहेत. मनातलं बोलायला आपलीच भाषा लागते, म्हणून मराठी समजणारं कुणी आहे का हे आधीच विचारून घ्या. विचारायला संकोच करू नका.

सासूबाईंना मेंदूचं काही सांगू नका. एवढंच म्हणा, "डॉक्टरांनी मला दुपारी तुमच्याबरोबर जेवायला सांगितलंय." हे वाक्य मी बऱ्याच जणींना दिलं आहे. त्यात भांडायला काही नाही, आणि सासूबाईंना एक काम मिळतं. नवऱ्याला सांगा की डबे मोजू नकोस आणि लपवू नकोस. पहारा बसला की चोरी वाढते.

आता मुलगी. तिला हे तुमच्यामुळं लागलं असं मी म्हणणार नाही, कारण अकरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात चॉकलेटचे कागद असणं हा आजार नाही. ते लपवलेले होते, एवढंच लक्षात घ्यायचं. लहान मुलांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे की समोर असलेला खाऊ मुद्दाम अडवला की मुलांचं लक्ष त्याच्यावरच खिळतं आणि संधी मिळाली की ती जास्त खातात. म्हणून दप्तर तपासू नका, तिच्यासमोर कुणाच्याही वजनाबद्दल बोलू नका, स्वतःच्याही नाही, आणि तिला कमी खायला सांगू नका. ती वाढीच्या वयात आहे, तिची भूक पुढच्या दोन-तीन वर्षांत वाढणारच आहे. तिनं आजवर आईला ताटावर बसून पोटभर जेवताना फारसं बघितलेलं नाही. ते तिला बघू द्या.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर कुंद्याचा डबा बाहेर काढा. तीन वाट्या घ्या, एक सासूबाईंची. खाताना दुसरं काही करू नका. नंतर डब्याचा कागद केराच्या बादलीत टाका, वरच, सगळ्यांना दिसेल असा.